डेन्मार्कची खुर्ची आणि पेठेतलं सागवान

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जुनं घर उतरवून नवं उभारण्याचं काम गल्लीआड एखादं तरी सुरूच असतं. खाली पार्किंग, वर तीन मजले, दर्शनी बाजूला काच. स्लॅब पडला, गिलावा झाला की आतल्या सजावटीचा विषय निघतो आणि घरातली तरुण मंडळी मोबाईल पुढे करतात. फोटो ठरलेला असतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, फिकट लाकडी जमीन, राखाडी सोफा, निमुळत्या पायांचं टेबल, कोपऱ्यात एक हिरवं रोप. ‘आम्हाला स्कँडिनेव्हियन करायचंय.’ इंटिरिअरवाल्याकडे त्याचं पॅकेज तयार असतं आणि दोन-अडीच महिन्यांत तो फोटो पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर जसाच्या तसा उभा राहतो.

या आवडीला नाक मुरडायचं कारण नाही. झुंबरं, सोनेरी नक्षीचे सोफे, छताला पीओपीचे थर आणि त्यात लपवलेले निळे-जांभळे दिवे यांनी आपले दिवाणखाने बरीच वर्षं गुदमरून गेले होते. त्यापेक्षा मोकळी, हलकी, उजेडाची खोली केव्हाही चांगली. घरात सामान कमी असावं, असेल ते नेटकं आणि टिकाऊ असावं, या विचाराचं स्वागतच व्हायला हवं. खंत एवढीच, की स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडच्या लोकांनी ज्या विचाराने आपली घरं घडवली, तो विचार कोल्हापुरात पोहोचतच नाही. पोहोचतो तो त्यांच्या भिंतींचा रंग. खरं तर त्या रंगापेक्षा तो विचारच या गावाला अधिक मानवणारा आहे.

आधी रंगाचंच पाहू. 21 डिसेंबरला भर दुपारी स्टॉकहोममध्ये सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर येतो. दिवस सहा तासांचा. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवरून परतवत खोलीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, तर भिंत पांढरी लागते, पडदा पातळ लागतो, जमीन फिकट लागते. त्याच दिवशी दुपारी कोल्हापुरात सूर्य पन्नास अंशांवर असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर तो नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पश्चिमेला तोंड असलेल्या पांढऱ्या खोलीत एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता बसून पाहावं. डोळे दिपतात, जाड पडदा ओढावा लागतो, आणि पडदा ओढला की दिवा लावावा लागतो.

पण पेठेतल्या घराची एक दुसरी बाजूही आहे. इथल्या जागा अरुंद आणि खोल. रस्त्याकडे थोडंसं तोंड, आत लांबच लांब पट्टी, दोन्ही अंगांना शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परडं. उजेड दोनच टोकांनी येणार. मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय कॅलेंडरवरची तिथी वाचता येत नाही. स्वीडनच्या डिसेंबरशी पेठेचं काही नातं असेल तर ते या खोलीत आहे. जुन्या लोकांनी त्यावर आपापले उपाय केले होते. कौलांमध्ये एक-दोन काचेची कौलं बसवायची, मग उन्हाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचा. दिवाळीआधी चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती उजळायच्या. मोठ्या वाड्याला मधे चौक असायचा. स्लॅब आला तशी ही सोय गेली, आणि आता मधल्या खोलीला डक्टकडची फूटभर खिडकी मिळाली तरी पुष्कळ.

म्हणून पांढरा रंग द्यायचाच तर तो या मधल्या खोलीला द्यावा. पश्चिमेच्या खोलीला गेरूचा, मातीचा, फिक्या हळदीचा रंग शोभतो आणि सोसतोही. फॉल्स सीलिंगला जाणारा पैसा वरच्या स्लॅबमध्ये झरोका ठेवण्यात, जिन्याच्या माथ्यावर काच बसवण्यात, दारावरच्या भिंतीत उघडझाप करता येईल अशी झडप ठेवण्यात घालावा. हे सगळं नकाशा हातात असतानाच ठरवावं लागतं. रंगारी दारात आला की वेळ गेलेली असते.

दिव्यांबद्दलही तेच. पौल हेनिंगसेन या डॅनिश वास्तुरचनाकाराने 1920 च्या दशकात विजेच्या दिव्याचा ध्यास घेतला. विजेचे उघडे दिवे डोळ्यांत घुसतात, माणसांचे चेहरे भकास दिसतात, हे त्याला खटकत होतं. त्याने एकाखाली एक अशा तीन वळणदार छत्र्या मोजून-मापून रचल्या. त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी बल्ब दिसत नाही, उजेड मात्र टेबलावर भरपूर पडतो. त्याचे ‘पीएच’ दिवे आजही तयार होतात. आपल्या घरांत भिंतीच्या माथ्यावर वीस वॅटची उघडी एलईडी पट्टी असते आणि तिच्याखाली मुलं अभ्यास करतात. त्या पट्टीऐवजी टेबलावर खाली आणलेला, बल्ब झाकणारा एक साधा पत्र्याचा दिवा लावायला फार पैसे पडत नाहीत.

आणि ती घरं नेहमीच पांढरी होती, हेही खरं नाही. स्वीडिश घर म्हटलं की ज्या घराकडे बोट दाखवलं जातं, ते सुंडबोर्न गावातलं कार्ल आणि कारिन लार्सन यांचं. 1888 मध्ये कारिनच्या वडिलांनी ते या दांपत्याला दिलं. कार्ल चित्रकार, घरातल्या रोजच्या जगण्याची त्याची जलरंगातली चित्रं 1899 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि घरोघरी पोहोचली. त्या चित्रांत लाल लाकूडकाम आहे, हिरव्या कडा आहेत, निळी चौकट आहे, खिडकीत कुंड्या आहेत, जमिनीवर लोळणारी मुलं आहेत. कारिनही चित्रकला शिकलेली होती. लग्नानंतर तिने कुंचला बाजूला ठेवला, पण घरातले पडदे, आच्छादनं, गालिचे तिनेच विणले, फर्निचरची कल्पना तिने काढली आणि ते गावातल्या सुताराकडून करून घेतलं. नाव कार्लचं मोठं झालं. शैली घडवली ती मुख्यतः कारिनने. स्वीडनच्या खेड्यांतली घरं बाहेरून गडद लाल असतात, तो रंग फालुनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीचा. जवळ जे होतं, त्यातून त्यांनी सौंदर्य काढलं.

लाकडाचंही त्यांनी असंच केलं. 1930 च्या सुमारास जर्मनीत वाकवलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची लाट होती. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो तेव्हा पायमिओ इथं क्षयरोग्यांचं रुग्णालय बांधत होता. पोलाद थंडीत अंगाला गार लागतं, आजारी माणसाला ते नको वाटतं, म्हणून त्याने फिनलंडच्या जंगलात मुबलक मिळणाऱ्या बर्चच्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून वाकवले. पाठीचा कल असा ठेवला, की रुग्णाला श्वास घेणं सोपं जावं. ती खुर्ची आज संग्रहालयांत ठेवलेली आहे. तिचा जन्म रुग्णाची गरज आणि हाताशी असलेलं लाकूड, या दोन गोष्टींतून झाला.

आता जी गोष्ट पेठेतल्या प्रत्येक घरमालकाला सांगावीशी वाटते ती ही. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या डॅनिश फर्निचरने अमेरिका जिंकली, त्यातला मोठा भाग फिकट लाकडाचा नव्हता. तो सागवानाचा होता. बर्मा आणि थायलंडकडचं सागवान कोपनहेगनला जात होतं. डेन्मार्कच्या ईस्ट एशियाटिक कंपनीची स्थापना 1897 ची, आणि सयामच्या सागवानाचा व्यापार हा तिचा पाया. 1950 आणि 60 च्या दशकांतली डॅनिश कपाटं, टेबलं, खुर्च्या आज लिलावात हजारो डॉलरना जातात, ती आपल्याच जातीच्या लाकडाची. आणि आपण त्याच शैलीच्या नावाखाली घरातलं सागवान काढून टाकतो आणि ओकच्या रेषा छापलेला कागद प्लायवूडवर चिकटवतो.

मंगळवार पेठेतलं जुनं घर उतरवतात तेव्हा त्यातून काय निघतं ते एकदा पाहायला हवं. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दाराच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. तुळई वरून काळीठिक्कर असते. पिढ्यांचा चुलीचा धूर आणि तेल तिच्यावर बसलेलं असतं. जाणता सुतार आधी तिच्यातले जुने, हाताने घडवलेले चौकोनी खिळे एकेक करून उपटतो, कारण एखादा जरी राहिला तरी करवतीचे दात जातात. मग रंधा. पहिल्या दोन-तीन हातांत नुसतं काळं पडतं. त्यानंतर मधाच्या रंगाचं लाकूड वर येतं आणि चामड्यासारखा तेलकट वास सुटतो. हे लाकूड इतकी वर्षं वाळलेलं असतं, की आता ते वाकायचं नाही, पिळायचं नाही. वाळवी त्याला सहसा शिवत नाही. अशा लाकडाचे सौदे घर पाडणाऱ्या ठेकेदाराशी उक्ते होतात, खांब-तुळया महामार्गावरच्या हॉटेलांत किंवा कुणाच्या फार्महाउसवर जातात, आणि मालक नव्या फ्लॅटसाठी एमडीएफचं कपाट विकत घेतो.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली फळी. कोरड्या, घर तापवणाऱ्या देशात ती चालते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली असते, भिंतींना पोपडे येतात, वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात. सिंकखालच्या कपाटाची कड दोन-तीन पावसाळ्यांत फुगते, लॅमिनेट सुटतं, बिजागरीचा स्क्रू भुगा होऊन बाहेर येतो. दुरुस्ती होत नाही. फेकून नवं आणावं लागतं. जो विचार ‘एकदा घ्या, नातवापर्यंत वापरा’ असं सांगतो, त्याच्या नावाने असं कपाट खपवलं जावं हे दुःखद आहे.

या गावाला तर खोट्या लाकडाचा कंटाळा फार पूर्वी आला होता. बाबुराव पेंटर याच कोल्हापूरचे, कारागिरांच्या घरातले. नाटकासाठी अप्रतिम पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. तरीही महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रपट काढताना त्यांनी रंगवलेले सपाट पडदे बाजूला ठेवले आणि खरे, खोली असलेले सेट उभे केले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मधलं वास्तव प्रेक्षकांना भिडलं, त्यात या आग्रहाचा वाटा मोठा होता. कॅमेऱ्यासमोर चार दिवस उभं राहणारं घरसुद्धा खरं दिसावं म्हणून त्यांनी एवढे कष्ट घेतले. आपण ज्या घरात तीस वर्षं राहणार, तिथं लाकडाचं चित्र का चिकटवावं?

जमिनीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. तिकडे फिकट लाकडी जमीन असते, कारण पायाला गारवा नको असतो. इथं वर्षातले आठ महिने गारवा हवा असतो. शहाबादी किंवा कोटा फरशी, नीट घासून पॉलिश केलेली, पायाला बरी वाटते, डागाला घाबरत नाही आणि लाकडाचा आव आणणाऱ्या टाइल्सपेक्षा कितीतरी देखणी असते.

स्वयंपाकघराकडे मात्र थांबून पाहायला हवं, कारण स्कँडिनेव्हियन देशांचा सगळ्यात मोठा धडा तिथं आहे आणि फोटोत तो दिसत नाही. 1944 मध्ये स्वीडनमध्ये गृहसंशोधनाची एक संस्था स्थापन झाली. तिथल्या स्त्रियांनी घरकामाचा अभ्यास कारखान्यातल्या कामासारखा केला. बाई ओट्यापासून कपाटापर्यंत किती वेळा जाते, कुठं वाकते, कुठं हात ताणते, भांडी धुताना पाठीवर किती ताण येतो, सगळं मोजलं. त्यातून ओट्याची उंची, कपाटांची खोली, सिंक आणि शेगडीतलं अंतर यांची मापं ठरत गेली. त्याच सुमाराला फिनलंडमध्ये मैयू गेबहार्ड या बाईंनी सिंकच्या वर टांगायचं, तळाऐवजी जाळी असलेलं कपाट विकसित केलं. धुतलेली ताटं त्यात उभी ठेवायची, पाणी सिंकमध्ये गळून जातं, पुसायचं काम वाचतं. फिनलंडच्या घराघरांत आज ते आहे. पेठेतल्या जुन्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची स्टीलची मांडणी नेमकं हेच काम करायची. मॉड्युलर किचन आलं आणि ‘बरं दिसत नाही’ म्हणून ती माळ्यावर गेली. आता ओली भांडी बंद ड्रॉवरमध्ये कोंदतात. मांडणी परत भिंतीवर, सिंकच्या वर यायला हवी. तिच्याहून अस्सल स्कँडिनेव्हियन वस्तू कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात दुसरी सापडणार नाही.

ओट्याचंही पाहा. पॅकेजमधला ओटा बहुतेक वेळा 34 इंचांचा येतो, राबणारी बाई पाच फुटांची असो की साडेपाच. उभ्याने काम करताना ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, म्हणजे खांदे उचलले जात नाहीत. पण आपल्याकडे एक जादा काम आहे, भाकरी. ज्वारीचं पीठ मळताना तळहाताच्या टाचेने रेटावं लागतं, थापताना खांद्यातून वजन सोडावं लागतं. त्यासाठी परात आणखी खाली हवी. म्हणून तर अनेक घरांत आजही बाई भाकरीपुरती ओटा सोडून खाली बसते, आणि मग गुडघे धरून उठते. ओट्याच्या टोकाला दोन फूट रुंदीचा, 28-29 इंच उंचीचा एक टप्पा बांधला तर उभ्याने भाकरी थापता येईल. त्यासाठी आधी घरातल्या बाईची उंची मोजावी लागेल आणि तिला विचारावं लागेल. स्वीडनमधल्या त्या संस्थेने हेच केलं होतं.

ओपन किचनबद्दल थोडक्यात. चटणीचा हंगाम येतो, मिरच्या वाळतात, खोबरं-तीळ-लसूण भाजले जातात, सगळं डंकावर कांडून घरी येतं. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा उकळत असतो. त्या फोडणीच्या वाटेत पांढऱ्या कापडाचा सोफा ठेवणं कुणाच्याच हिताचं नाही. मधे एक सरकतं दार ठेवावं आणि वर चांगला एक्झॉस्ट बसवावा.

सोफ्यावरच्या, जमिनीवरच्या कापडांसाठी तर ऑनलाइन मागणी नोंदवायची गरजच नाही. स्वीडनच्या खेड्यांत फाटक्या कपड्यांच्या चिंध्या विणून गालिचे करतात. आज त्यांची गणना त्या शैलीच्या ओळखीत होते. आपल्याकडे आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ट्रंकेत पडून असते. तिच्या टाक्यांच्या रांगा आणि विटून मऊ झालेले रंग पाहायला परदेशातले लोक येतात. घोंगडीची गोष्ट याहून मोठी. दख्खनी मेंढीची जाडसर लोकर, रंग न देता मूळचा काळा-करडा, हातमागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत हजारो खांद्यांवर ती दिसते. स्कँडिनेव्हियन खोलीत जमिनीवर करडी-काळी लोकरीची चटई असते, तिच्या जागी घोंगडी अंथरली तर खोली अधिक भारदस्त दिसते. आणि पडद्यांसाठी साधं, बिनछापाचं सुती कापड हवं असेल तर इचलकरंजी तीस किलोमीटरवर आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, वाड्याची भलामण चालली आहे. तसं नाही. जुन्या घरातलं स्वयंपाकघर अंधारं आणि धुराचं होतं, शौचालय दूर होतं, सामान कमी होतं ते बहुतेकांच्या घरात पैसा कमी होता म्हणून. तिकडे परत जायचं नाही. स्वीडनही सव्वाशे वर्षांपूर्वी गरीबच होतं, लाखो लोक पोटासाठी अमेरिकेला गेले होते. एलेन की या लेखिकेने 1890 च्या दशकात मांडायला सुरुवात केली, की सुंदर घर हा श्रीमंतांचा मक्ता नाही, कामगाराच्या दोन खोल्यांतही उजेड, स्वच्छता आणि नीटस वस्तू असल्या पाहिजेत. 1919 मध्ये ग्रेगोर पाउलसनने रोजच्या वापराच्या वस्तू अधिक सुंदर झाल्या पाहिजेत, असा आग्रह धरणारी पुस्तिका लिहिली आणि कारखानदारांना चित्रकारांशी जोडलं. ‘सगळ्यांसाठी’ हा त्या शैलीचा कणा होता.

त्या ‘सगळ्यांसाठी’चं जगाला माहीत असलेलं रूप म्हणजे आयकिया. इंग्वार कांप्राडने 1943 मध्ये, सतराव्या वर्षी सुरू केलेली ही कंपनी 2018 मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत आली. पाय वेगळे, फळी वेगळी, खोक्यात घालून घरी न्यायची युक्ती त्यांनी मोठी केली आणि किमती खाली आणल्या, हे श्रेय त्यांचंच. पण कोल्हापूरला अधिक जवळचं उदाहरण डेन्मार्कमधलं आहे आणि ते सहकाराचं आहे.

डेन्मार्क म्हणजे दूध संघांचा देश. तिथली पहिली सहकारी डेअरी 1882 ची. ग्राहकांच्या सहकारी भांडारांचा एफडीबी नावाचा एक महासंघ होता. 1942 मध्ये, जर्मन फौजा देशात असताना, या महासंघाने फर्निचरचा विभाग काढला आणि बोर्गे मोगेनसेन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला प्रमुख नेमलं. काम असं होतं. लहान घरात संसार मांडणाऱ्या जोडप्यांना परवडेल, हलकं असेल, पिढीभर टिकेल असं सामान करायचं. मोगेनसेन ज्या कारे क्लिंटचा शिष्य, त्याने माणसाच्या अंगाची आणि घरातल्या वस्तूंची मापं घेऊन फर्निचर शिकवण्याची पद्धत घालून दिली होती. 1947 मध्ये मोगेनसेनची ‘जे-39’ ही खुर्ची आली. साधी लाकडी चौकट, पाठीला एक रुंद पट्टी, बैठक कागदी दोरीने विणलेली. लोक तिला जनतेची खुर्ची म्हणू लागले. ती आजही तयार होते. एका दूध-लोण्याच्या देशातल्या ग्राहक सहकारी संघाने ती काढली होती.

कोल्हापूर जिल्ह्यात शेतकरी सहकारी संघ 1939 पासून आहे. गोकुळ दूध संघ 1963 पासून आहे. वारणेने दूध आणि साखरेबरोबर ग्राहकांसाठी वारणा बझार चालवून दाखवला. खत, पेंड, दूध, साखर, कपडा, किराणा, सगळं सहकाराने विकलं. खुर्ची मात्र कुणी केली नाही. खरं तर खुर्चीला लागणारं सगळं इथं जमा आहे. उतरवलेल्या घरांचं जुनं सागवान आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री देशभरच्या वाहन कारखान्यांना ओतकाम पुरवतात, त्यांना टेबलाचा ओतीव पाय म्हणजे काही मोठं काम नाही. बुरुड आहेत. खाट विणणारे हात अजून आहेत. बैठक सुतळीची विणता येते, वेताची विणता येते. हान्स वेगनर या डॅनिश रचनाकाराच्या 1949 च्या प्रसिद्ध खुर्चीची बैठक आजही माणूसच हाताने विणतो, सव्वाशे मीटरच्या आसपास कागदी दोरी लागते, आणि त्या विणकराला डेन्मार्कमध्ये मान आहे. कलानिकेतन आणि दळवीज यांसारख्या संस्थांनी या शहरात पिढ्यान्पिढ्या चित्रकार घडवले, त्यांचे विद्यार्थी मापं घेऊन आराखडे करू शकतात. कमी आहे ती एका संस्थेने पुढाकार घेण्याची आणि पहिल्या पाचशे खुर्च्यांची हमी देण्याची.

ती खुर्ची कशी असावी, हे इथल्या सवयींवरून ठरेल. आपली माणसं खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसतात, तेव्हा बैठक थोडी रुंद हवी. जेवायला पाहुणे आले की चार जादा लागतात, तेव्हा ती दुसरीवर चढवता यायला हवी. म्हाताऱ्यांना उठताना आधार लागतो, तेव्हा एका प्रकाराला हात हवेत. पावसाळ्यात फरशी पुसली की पाय ओले होतात, तेव्हा पायांना तळाशी पितळेची किंवा रबराची टोपी हवी. वजन इतकंच, की आठ वर्षांच्या मुलाला ती सोप्यातून माजघरात नेता यावी. आणि विणीची बैठक सैल झाली तर गल्लीतल्या माणसाकडून ती पुन्हा विणून घेता यावी.

दिवाळीच्या सुमाराला पेठेत पुन्हा रंगकामं निघतील, काही घरं उतरतील. ज्यांचं घर उतरणार आहे त्यांनी लाकडाचा सौदा ठेकेदाराशी उक्ता करू नये. आधी एखाद्या जुन्या सुताराला बोलावून तुळया दाखवाव्यात. दोन तुळयांत सहा माणसांचं जेवणाचं टेबल सहज निघतं, दाराच्या फळ्यांत मुलांचं अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकांची मांडणी निघते. आणि गोकुळ, वारणा, शेतकरी संघ यांच्या संचालकांनी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा: सभासदांना परवडेल अशी, कोल्हापुरात घडवलेली एक खुर्ची. सभासदांनीही तो लावून धरावा.